बॅकयार्डमध्ये थिसल नावाचं काटेरी तण माजलंय, उपटलं की दुप्पट येतंय, काय करू?

मीनल_के

नमस्कार मंडळी, बागकामवाल्यांनी प्लीज मदत करा, डोकं फिरायची वेळ आलीये.

आम्ही ऑन्टारियोत गुएल्फच्या बाहेर राहतो, नवीन वसाहत आहे, कुंपणाच्या मागे लगेच शेत, कधी मका असतो कधी सोयाबीन. घर घेतलं तेव्हा मागच्या कोपऱ्यात चार-पाच काटेरी रोपं होती, बिल्डरने कुठून तरी आणून टाकलेली माती आहे त्यातून आली असतील म्हणून मी फार लक्ष दिलं नाही. मग भाजीचे वाफे करायचे म्हणून गेल्या फॉलमध्ये एका लॅन्डस्केपवाल्याला बोलावलं, तो मशीन घेऊन आला, अर्ध्या दिवसात सगळा कोपरा रोटोटिल करून भुसभुशीत करून दिला, वर कंपोस्ट पसरलं, पैसे घेतले आणि म्हणाला आता सगळं क्लीन आहे. या मे महिन्यात बघते तर अख्ख्या पट्ट्यात कोणी पेरल्यासारखं थिसल! आता जूनचा मध्य आहे, गुडघ्याच्या वर गेलंय.

वर्णन देते कारण फोटो अपलोड होत नाहीये. पानं लांबट, कडा वेड्यावाकड्या आणि प्रत्येक टोकाला काटा. खोड मात्र गुळगुळीत, त्याला हात लावला तर काही टोचत नाही. शेंड्याला बोराएवढ्या कळ्यांचे झुबके आलेत, एक-दोन कळ्यांमधून फिकट जांभळं डोकावतंय. उपटायला गेलं की टचकन तुटतं, खाली आडवं पांढरं मूळ दिसतं ते कुठवर गेलंय कळत नाही आणि दहा दिवसांनी त्याच जागी तीन कोंब.

शेजारच्या आजोबांनी पिवळ्या चिमण्यांसाठी कापडी पिशवीचं फीडर टांगलंय आणि पिशवीवर चक्क थिसल सीड लिहिलंय! हे त्यांच्याकडूनच येतंय का? भांडायचं नाहीये, पण बोलायला हवं असेल तर बोलते. दुकानात विचारलं तर म्हणे लॉनवर मारायची जुनी औषधं इथे बॅन आहेत, एक लोहवालं औषध दिलं, ते मारल्यावर संध्याकाळपर्यंत पानं काळीठिक्कर पडली, मी खूश, आणि मग परत हिरवं. त्यात शहराकडून पत्र आलंय की नॉक्शस वीड (उपद्रवी तण) आहे, काढा.

सासरे सध्या इकडे आलेत, ते म्हणतात ही आपली उटकटारी आहे, आणि रोज सकाळी खुरपं घेऊन बसतात (खुरपं बॅगेतून घेऊन आलेत, हो). मला तिथे टोमॅटो, मेथी आणि वालपापडी लावायची होती. कोणी अनुभवी असेल तर इस्कटून सांगा.

---

चिखलवाट

मीनलताई, तुमच्या वर्णनावरून हे शंभर टक्के कॅनडा थिसल, सर्शियम आर्व्हेन्स. खोड गुळगुळीत आणि कळ्या बारक्या झुबक्यात, या दोन खुणा पुरतात. दुसरं जे इथे सगळीकडे दिसतं ते बुल थिसल, त्याच्या खोडावर काटेरी पाती पंखासारख्या उतरलेल्या असतात, पानाचा वरचा भागही खरखरीत टोचरा आणि फूल चांगलं मोठं, लिंबाएवढं. ते निघालं असतं तर मी म्हटलं असतं फावड्याने मूळ कापा आणि विसरा, कारण ते दोन वर्षांचं झाड, एकच सोटमूळ, फुललं की मेलं. कॅनडा थिसल बहुवर्षायू आहे आणि त्याचा खरा कारभार जमिनीखाली चालतो.

तुम्हाला जी वेगवेगळी रोपं दिसतायत ती बहुतेक एकाच झाडाची आहेत. आडवी मुळं एका सीझनमध्ये काही मीटर पळतात, त्यांच्यावर जागोजागी डोळे असतात आणि प्रत्येक डोळ्यातून वर कोंब. उभी मुळं माणूसभर खोल जातात, कधी त्याहून जास्त. मुळाचा इंचभर तुकडा मातीत राहिला तरी नवीन झाड होतं. आता विचार करा रोटोटिलरने काय केलं असेल. चार-पाच झाडांच्या मुळांचे शेकडो तुकडे केले, सगळ्या पट्ट्यात नीट पसरले आणि वर कंपोस्ट दिलं. लागवडच करून दिली की हो तुम्हाला, वर पैसे घेऊन. इथले बरेच लॅन्डस्केपवाले हेच करतात, मी स्वतः नर्सरीत काम करतो म्हणून दर वसंतात ही कहाणी ऐकतो.

आता उपाय. उपटू नका, खणू नका, काका खुरप्याने खोल जात असतील तर त्यांना थांबवा. कापा. लांब दांड्याची कात्री किंवा धारदार विळा घ्या आणि जमिनीलगत, जमलं तर मातीच्या अर्धा-एक इंच खाली कापा. मूळ हे त्याचं बँक खातं आहे. वसंतात कोंब काढताना ते खात्यातून पैसे काढतं, पानं मोठी झाली की परत भरायला लागतं, आणि कळ्या धरायच्या वेळी शिल्लक सगळ्यात कमी असते. म्हणजे आत्ता. या आठवड्यात कापा, फुलायची वाट बघू नका. मग नवीन कोंब आला की त्याला खातं भरायला वेळ द्यायचा नाही, दर दोन-तीन आठवड्यांनी परत कापायचं, थेट बर्फ पडेपर्यंत. पुढच्या वर्षी परत. त्याच्या पुढच्या वर्षीही, पण तोवर फारसं उरलेलं नसतं.

ते लोहाचं औषध म्हणजे आयर्न चिलेट. ऑन्टारियोत 22 एप्रिल 2009 पासून घराच्या लॉन-बागेत टू-फोर-डी वगैरे तणनाशकं मारायला बंदी आहे, म्हणून दुकानात तेच मिळतं. रुंद पानाच्या तणाची वरची पानं जाळतं, गवताला काही करत नाही, पण मुळापर्यंत उतरत नाही. म्हणजे महागडी कात्री समजा. लॉनमध्ये कापायचा कंटाळा असेल तर वापरा, नाहीतर पैसे वाचवा. व्हिनेगरचंही तेच.

पत्राचं टेन्शन घेऊ नका. प्रांताच्या तण कायद्यात कॅनडा थिसल आणि बुल थिसल दोन्ही यादीत आहेत, आणि तुमच्या मागे शेत आहे म्हणून ते जास्त मनावर घेणार. बी धरायच्या आत कापलेलं दिसलं की साधारण समाधान होतं. पत्रावर नंबर असेल तर फोन करून सांगा की कापणी चालू आहे.

---

अण्णा_परभणीकर

ताई तुमच्या सासऱ्यांना रामराम सांगा. पण ही उटकटारी नाही. उटकटारीचं फूल म्हणजे पूर्ण गोल चेंडू, फिकट निळसर-पांढरा, चारी बाजूंनी टोचणारा, आपल्याकडे मुरमाड माळावर पडीक रानात पावसाळ्यानंतर दिसते. तिचं मूळ सरळ खाली जातं, आडवं पळत नाही. त्यामुळं ती चराऊ रानात वाढली तरी तिची एवढी दहशत नाही. एक कुदळीचा घाव आणि विषय संपला. सासरे फसले यात नवल नाही, पानं बघून कुणालाही तसंच वाटंल, दोघी एकाच कुळातल्या.

अजून एक भावंड सांगू का. आपली करडई! तीही ह्याच थिसलच्या गोतावळ्यातली. आमच्याकडं परभणी कुसुम लावतात, कोवळी असताना तिची भाजी खायची आणि वाळल्यावर तिच्यापुढं उभं राहायची सोय नाही. म्हणून करडई पहाटे काढतात, दंवानं काटे जरा मऊ पडलेले असतात, ऊन चढलं की काम बंद. तुम्हीपण सकाळी दव असतानाच कापा, हाताला कमी लागंल.

बाकी वरच्या दादांचं कापायचं पटलं नाही पूर्ण. आमच्याकडं हराळी आणि कुंदा ही मुळानं पसरणारी तणं. कुंद्यानं आमच्या आज्याची पिढी खाल्ली. त्याला इलाज एकच, उन्हाळ्यात खोल नांगरट, ढेकळं उलटी पाडून महिनाभर तापू द्यायची, मग वखर घालून काशा (जमिनीतल्या मुळ्या) वेचायच्या आणि बांधावर जाळायच्या. नुसतं वरून कापून कुंदा कधी मेला नाही. तुमच्याकडं का चालत नाही हे?

---

चिखलवाट

अण्णा, तुमचा इलाज बरोबर आहे पण तुमच्या मे महिन्यासाठी. परभणीला मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, पाऊस नाही, ढेकूळ वीटभट्टीतून काढल्यासारखं, त्यात मुळाचा तुकडा सुकून कोळसा होतो. इथे जूनमध्ये पंचवीस-सत्तावीस डिग्री आणि आठवड्याला एखादी सर. तुकडा सुकतच नाही, उलट मस्त रुजतो. शिवाय तुमच्या नांगराच्या फाळाच्या खूप खाली याची उभी मुळं असतात, वरचं सगळं वेचलं तरी खालून परत येतं.

नांगरून मारायचं झालंच तर इथले जुने शेतकरी अख्खा उन्हाळा रान मोकळं ठेवून दर तीन आठवड्यांनी वखरायचे. म्हणजे तत्त्व तेच, कोंब आला की छाट. एकदा नांगरून सोडून देणं हे सगळ्यात वाईट. मीनलताईंकडे नेमकं तेच झालंय.

---

टवाळ_टोळ

स्कॉटलंडवाल्यांनी हे राष्ट्रीय चिन्ह म्हणून लावलंय आणि तुम्ही कापताय, मीनलताई. एक बॅगपाइप घ्या आणि शांत बसा.

बाकी वाचतोय. आमच्याकडे पिवळा धोत्रा आहे तोही थिसलच का? सेम काटेरी पानं.

---

चिखलवाट

नाही रे बाबा, पिवळा धोत्रा खसखशीच्या कुळातला, मेक्सिकोहून आलेला, तोडला की पिवळा चीक येतो. फक्त पानं तशी दिसतात. आणि त्याच्या बिया विषारी, मोहरीच्या तेलात त्याची भेसळ होऊन 1998 ला दिल्लीत माणसं मेली होती. त्याचा वेगळा धागा काढ.

---

न्यू_जर्सीचा_नाना

एवढा कशाला आटापिटा, बॉर्डर ओलांडून या, इकडे सगळं मिळतं. थिसलसाठी क्लोपायरालिड नावाचं औषध आहे, माझ्या मित्राकडे ओहायोमध्ये दोन एकर कुरण आहे, त्याने फॉलमध्ये एकदा मारलं, पुढच्या वर्षी नव्वद टक्के गायब. गवताला काही होत नाही. दरवर्षी कात्री घेऊन कोण बसणार, नोकऱ्या आहेत माणसांना.

---

चिखलवाट

नानासाहेब, कुरणाला ते ठीक आहे आणि फॉलमध्ये मारलं हेही त्याने बरोबर केलं, कारण त्या दिवसांत झाड अन्न खाली मुळात पाठवत असतं, त्याबरोबर औषधही खाली जातं. माझा औषधांना सरसकट विरोध नाही, प्रेअरीतल्या गव्हाच्या शेतात काढणीच्या आधी ग्लायफोसेट मारतात ते बऱ्याच अंशी या थिसलसाठीच, हजारो एकरात कोण कात्री फिरवणार.

पण मीनलताईंनी हे औषध सीमेपलीकडून आणू नये. एक तर बेकायदा. दुसरं, त्यांना तिथे टोमॅटो, मेथी आणि वाल लावायचेत, आणि क्लोपायरालिड नेमकं या तिघांचं वैरी आहे! शेंगावर्गीय सगळं, टोमॅटो-बटाटा-वांगी सगळं, सूर्यफुलाच्या कुळातलं सगळं. मातीत आणि कंपोस्टमध्ये महिनोन्‌महिने टिकतं. त्या कुरणाचं गवत गाईने खाल्लं तर शेणातून बाहेर येतं तरी त्याचा असर कायम असतो. वॉशिंग्टन राज्यात 2000 च्या आसपास यावरून मोठा गोंधळ झाला होता, लोकांनी कंपोस्ट विकत आणून घातलं आणि टोमॅटोची पानं वळून चिमटीसारखी झाली, शोधल्यावर कंपोस्टमध्ये हेच निघालं.

म्हणून ताई एक वेगळी सूचना, आता जो कोणी फुकट शेणखत किंवा जुना पेंढा देईल त्याला आधी विचारा कुरणावर काय मारलं होतं. उत्तर नीट आलं नाही तर दोन कुंड्यांत ते खत घालून वालाचे चार दाणे टाका. दुसरं-तिसरं पान सरळ आलं तर वापरा.

---

पिंगळा

शेजारच्या आजोबांना काही बोलू नका हो!! त्या पिशवीत थिसल नाहीच आहे.

तुम्ही एकदा चिमूटभर हातात घेऊन बघा, बारीक, लांबट, काळं चकचकीत. ओळखीचं वाटेल. ते आपले कारळे आहेत. खुरासणी. चटणी करतो ती. अमेरिका-कॅनडात पक्ष्यांसाठी हेच विकतात, मुख्यतः इथिओपिया आणि भारतातून येतं, आणि थिसल सीड हे नाव फक्त विकायला चिकटवलंय कारण गोल्डफिंचला (त्याच पिवळ्या चिमण्या) थिसलचं बी आवडतं हे लोकांना माहीत होतं. आपल्याकडे नाशिक-पालघरच्या डोंगरउतारावर वरकस जमिनीत घेतात, दसऱ्याच्या सुमारास पिवळीधमक शेतं दिसतात ती. शिवाय आयात करताना ते बी उष्णता देऊन निर्जीव करतात, त्यात अमरवेलीसारख्या तणांचं बी येऊ नये म्हणून. त्यामुळे फीडरखाली फारसं काही उगवत नाही, आणि उगवलंच एखादं तर कारळ्याचं पिवळं फूल येईल, थिसल नाही. (सुपरमार्केटमध्ये आणायला विसरलात म्हणून पक्ष्यांचे कारळे चटणीत घालू नका, ते खाण्यासाठी साफ केलेले नसतात. विचारणारे असतात म्हणून आधीच सांगितलं.)

आता जरा थिसलची बाजू. मी पक्षीवाला आहे, मला दोन्ही दिसतं. गोल्डफिंच बाकीच्या पक्ष्यांपेक्षा उशिरा, जूनअखेर-जुलैत घरटं बांधतो, कारण तेव्हा थिसलची म्हातारी उडायला लागते आणि तो ती घरट्यात अस्तर म्हणून लावतो. पेंटेड लेडी फुलपाखराच्या अळ्या याची पानं खातात. आणि फुलं आली की मधाचा वास सुटतो, मधमाश्या तुटून पडतात.

ही म्हातारी जी उडते त्यातली बरीचशी रिकामी असते, हे कमी लोकांना माहीत आहे. कॅनडा थिसलमध्ये पिसारा बीपासून पटकन सुटतो, पिसारा उडतो, बी बोंडातच किंवा झाडाखाली पडतं. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे एखादा अख्खा पट्टा नरच असला तर त्यात बी धरतच नाही. म्हणजे लांबवर हे वाऱ्याने कमी आणि माती, पेंढा, मिसळलेलं बियाणं, मशीनला चिकटलेलं मूळ याने जास्त जातं. युरोपातून इथे आलंही तसंच, सतराव्या शतकात बियाण्यात मिसळून. तेव्हापासून लोक वैतागलेत, व्हरमाँटने 1795 मध्येच याच्याविरुद्ध कायदा केला होता.

पण सगळी थिसलं परकी नाहीत, आणि हा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांबण लावतो. ह्युरॉन आणि मिशिगन तलावांच्या काठच्या वाळूत पिचर्स थिसल नावाचं एक देशी झाड आहे. पांढुरकी पानं, मलईच्या रंगाचं फूल. पाच-सात वर्षं नुसता पानांचा झुबका घेऊन वाळूत बसतं, एकदा फुलतं आणि मरतं. धोक्यात आहे ते, मॅनिटूलिन बेटावर बघायला मिळतं. आता गंमत म्हणजे, 1968 मध्ये कॅनडात आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत युरोपातून एक भुंगा आणून सोडला, मस्क थिसल नावाच्या दुसऱ्या परक्या थिसलचं बी खाण्यासाठी. मस्क थिसल त्याने कमी केलं, काम चोख. पण तिथे थांबला नाही. नेब्रास्काच्या माळावरच्या देशी प्लॅट थिसलच्या बोंडांत तो सापडला, बी खाऊन फस्त, 1997 मध्ये यावर सायन्स या नियतकालिकात पेपर आला आणि बरीच खळबळ झाली. नंतर पिचर्स थिसलवरही अशाच परक्या भुंग्याची धाड आली. सोडताना लोकांना हे आधी अगदीच माहीत नव्हतं असं नाही, त्याला इतर थिसलही चालतात हे दिसलं होतं, पण देशी थिसलची तेव्हा कुणाला पडली नव्हती. काटेरी आहे ना, मरू दे.

त्यामुळे कृपा करून रस्त्याकडेला, तलावाकाठी दिसलेलं प्रत्येक थिसल कापत सुटू नका. पान उलटं करून बघा, देशी फील्ड थिसलचं पान खालून चांगलं पांढरंशुभ्र असतं. तुमच्या बॅकयार्डातलं मात्र खुशाल कापा.

---

मीनल_के

पिंगळा, कारळे!! मी आत्ता जाऊन बघून आले, आजोबांनी मूठभर दिलेही. सासऱ्यांनी हातावर चोळून वास घेतला आणि म्हणाले हे तर आपल्या रानातलं. आता दोघं कुंपणाशी उभे राहून बोलतायत, कोणत्या भाषेत ते देव जाणे.

चिखलवाट, आज सकाळी दव असतानाच सगळं कापलं. सासऱ्यांना पटायला वेळ लागला, त्यांचं म्हणणं मूळ ठेवून वरून कापणं म्हणजे आळशी माणसाचं काम. अण्णांचा रामराम पोचवला, त्यांनी तिकडून दुप्पट पाठवलाय आणि कुंद्याचं ऐकून मान हलवली.

आता पुढचे प्रश्न. काळी ताडपत्री टाकली तर? आणि या वर्षी मेथी-टोमॅटो विसरायचे का?

---

किवीतली_काकू

आमच्या इकडे न्यूझीलंडमध्ये हेच झाड, इकडे कॅलिफोर्नियन थिसल म्हणतात. मिस्टर वायकाटोला डेअरी फार्मवर असल्यामुळे घरात बाकी विषय नाही. दुभत्या गाई त्याच्या आसपासचं चांगलं गवतही खात नाहीत, तोंडाला टोचतं म्हणून, म्हणजे जागा जाते ती जातेच वर आजूबाजूची हातभर पण जाते.

इकडे एक भारी गोष्ट करतात. पाऊस पडत असताना कापायचं! कोरड्यात नाही. ऐकायला वेडेपणा वाटतो पण यावर इकडे व्यवस्थित प्रयोग झालेत, पावसात कापलेल्या पट्ट्यात पुढच्या वर्षी कोंब कमी निघाले. त्याचं देठ आतून पोकळ असतं, कापल्यावर ओल्यात बुरशी आत शिरते आणि खाली मुळाकडे जाते असं सांगतात. मिस्टर रेनकोट घालून ट्रॅक्टरवर बसतात तेव्हा पहिल्या वर्षी मला वाटलं माणसाचं काही खरं नाही.

शिवाय 2007 पासून एक हिरवा ढालकिडा पण सोडलाय, पानांना खिडक्या पाडतो. आमच्या पॅडॉकमध्ये दिसतो, पण त्याच्या भरवशावर बसायची सोय नाही, कापणी चालूच ठेवावी लागते.

---

नाकतोडा

काकूंचं पावसात कापण्याचं बरोबर आहे पण मीनल यांच्यासाठी एक खुसपट काढतो, सवयच आहे. ती बुरशी म्हणजे व्हर्टिसिलियम. तीच टोमॅटो, वांगी आणि बटाट्याला मर रोग आणते. कुरणात ठीक, तिथे गवताला ती काही करत नाही. पण ज्या वाफ्यात टोमॅटो लावायचेत तिथे तिला आवतण द्यायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी भाजीच्या वाफ्यात कोरड्यात कापीन आणि कुंपणालगतच्या गवतात पावसात.

टोमॅटोच्या रोपाच्या लेबलवर व्ही असं अक्षर असतं, ते याच बुरशीला दाद न देणारं वाण. तसं बघून घ्या.

आणि वर कुणी राईझोम (जमिनीखालचं आडवं खोड) म्हटलं नाही याबद्दल आभार, कारण ती मुळंच आहेत, खोड नाही. हे माझं शेवटचं पोस्ट.

---

चिखलवाट

नाकतोडा, मुद्दा मान्य.

मीनलताई, ताडपत्री चालते पण दोन अटींवर. एक, ती कोंबाच्या जागेपुरती न टाकता चारही बाजूंनी तीन-चार फूट जास्त टाकायची, कारण मुळं आडवी चालत जाऊन कडेला डोकं काढतात, आणि तिथे कात्री घेऊन उभं राहावं लागतं. दोन, महिनाभर टाकून काढली तर काही उपयोग नाही, अख्खा सीझन हवा, शक्यतो पुढच्या वसंतापर्यंत. नुसता पुठ्ठा आणि वर मल्च टाकायचा सल्ला यूट्यूबवर मिळेल, बाकी तणांना तो चांगला आहे, पण हे पुठ्ठा फोडून वर येतं, डोळ्यांनी बघितलंय.

मी तुमच्या जागी असतो तर पट्टा अर्धा-अर्धा केला असता. कुंपणाकडचा अर्धा, जिथे शेतातून येणारही आहे, तिथे दाट गवत पेरायचं, फेस्क्यू-राय मिक्स, आणि मोअर फिरवत राहायचं. याला सावली आणि गर्दी सहन होत नाही, शेतकरी इथे थिसलच्या रानात दोन-तीन वर्षं अल्फाल्फा (लसूणघास) ठेवतात ते त्यासाठीच, चारा दोन-तीनदा कापला जातो, वर दाट सावली. घराकडच्या अर्ध्यावर ताडपत्री.

मेथी-टोमॅटो विसरू नका. टोमॅटो आणि वाल ताडपत्रीवरच मोठ्या कुंड्यांत ठेवा, काळ्यावर ऊब मिळते, टोमॅटो खूश असतो. मेथीला तर खोल माती लागतच नाही, पसरट टबात टाका. फक्त कुंडीत तुमच्या वाफ्यातली माती भरू नका, विकतची घ्या, नाहीतर थिसल कुंडीत. टोमॅटो विकतचा असेल तर लेबल बघा वर सांगितलंय तसं.

---

अण्णा_परभणीकर

ताई कापलेल्याचं काय केलं ते लिहिलं नाही तुम्ही. तिथंच टाकून दिलं का?

---

मीनल_के

हो तिथेच पडलंय, उद्या उचलणार होते. का, काही होतं का? काही कळ्या जांभळ्या झाल्या होत्या.

---

चिखलवाट

अण्णांनी बरोबर पकडलं. जांभळ्या झालेल्या कळ्यांची बोंडं आज संध्याकाळीच तोडून पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या, घरच्या कंपोस्टमध्ये नको. फूल उमलल्यावर आठ-दहा दिवसांत बी रुजण्याजोगं होतं आणि कापून पडलेल्या दांड्यावरही थोडं पिकू शकतं. एकदा मातीत खोल गाडलं गेलं तर वीस वर्षं सुद्धा टिकलेलं आहे. बंद हिरव्या कळ्या आणि नुसते दांडे-पानं मात्र ताडपत्रीवर वाळवून कंपोस्टात घाला, त्यांच्यात काही दम नसतो. मूळ चिकटलेलं असेल तर तेवढं तोडून वेगळं काढा.

हातमोजे चामड्याचे घ्या, कापडी नाही. वाळलेला काटा ओल्यापेक्षा वाईट, आत मोडतो.

---

अण्णा_परभणीकर

आणि सासऱ्यांना म्हणावं खुरपं ठेवून द्या, विळा घ्या. नसंल तर पुढच्या वेळी येणाऱ्या माणसाबरोबर मी पाठवतो, आमच्या गावच्या लोहाराकडचा.

---

मीनल_के

अण्णा, ते चेक-इन बॅगेत टाकायला सांगा हां!! बोंडं तोडायला निघाले मी, अजून उजेड आहे. ताडपत्री शनिवारी आणते. कडेला जे डोकं काढेल त्याचं जुलैत येऊन लिहीन इथेच.